नमस्काराचा गोल

आमच्या मालकांच्या डाव्या पायाचं नगर जिल्ह्यात फार कौतुक झालं. उजव्या पायाचं कुणी केलं नाही, आणि दोन्ही पायांच्या मोज्यांचा वास मी सोसला त्याचं तर कुणी नावही काढलं नाही. मालक म्हणजे माझे यजमान. आमच्याकडे असंच म्हणतात. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी लोक त्यांच्या गोष्टी सांगतात, आणि सांगताना वाढवतात. परवा एक जण मलाच सांगत होता की त्यांच्या चेंडूने गोलाचा खांब मोडला. मोडला हे खरं आहे. खांबाला वाळवी लागली होती, हे तो विसरला. एका सामन्यात सात गोल केले म्हणतात. मी एकदा जेवायला वाढताना विचारलं, तर म्हणाले, "चार. त्यातला एक आपल्याच गड्याच्या पाठीला लागून गेला." म्हणून म्हटलं, आपणच लिहून ठेवावं. मी चौथी शिकले आहे. एवढं लिहायला तेवढी पुरते.

ते फुटबॉल शिकले म्हशींमागे. आमचं घर केडगावचं, शेती कोरडवाहू. लहानपणी म्हशी घेऊन ते लष्कराच्या मैदानाकडे जायचे. जवान खेळायचे, चेंडू तारेबाहेर यायचा आणि हे अनवाणी पायाने तो परत मारायचे. पुढे पुढे चेंडू इतका नेमका परत जायला लागला, की जवानांनी यांनाच तारेच्या आत घेतलं. त्या काळात म्हशी कुणाच्या पिकात गेल्या, याचा हिशेब माझ्या सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर केला.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांनी मुलाला एक वळण पक्कं लावलं होतं. पाय लागला की नमस्कार. पुस्तकाला लागला, सुपाला लागला, माणसाला लागला, तर लगेच वाकायचं, हात लावायचा आणि तो हात कपाळाला न्यायचा. हे वळण सगळ्याच घरांत असतं. पण बाकीची मुलं ते घरी ठेवून मैदानावर जायची. हे बरोबर घेऊन गेले.

आता फुटबॉलमध्ये पाय लागत नाही असा क्षण नसतो. याच्या नडगीला लाथ बसली की वाक आणि नमस्कार, त्याच्या पोटरीला बसली की वाक आणि नमस्कार. सुरुवातीला लोक हसून हसून मैदानावर बसायचे. मग समोरचे शहाणे झाले. मुद्दाम पाय मध्ये घालायचे, हे वाकले की चेंडू घेऊन पळायचे. शेवटी यांनी पळता पळता नमस्कार करायची युक्ती काढली. एक हात खाली, झटकन कपाळाला, आणि पाय चालूच. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, माणसाला कुठेतरी खाज सुटली आहे.

चेंडूला तर रोजच लाथा. त्याची सोय आत्याबाईंनी काढली होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कोयता, विळा, कुदळ यांच्याबरोबर चेंडूही पाटावर मांडायचा आणि वर्षभराच्या लाथांची एकदम माफी मागायची. बूट मात्र त्या पाटाजवळ येऊ देत नसत.

हे सांगते आहे ते दुष्काळाच्या सालातलं. विहिरी तळाला गेल्या होत्या, बैल गुरांच्या छावणीत बांधले होते आणि घरात रेशनवरची लाल मिलो ज्वारी होती. तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना माणूस चिरायचा. नागापूरला तेव्हा नवीन नवीन कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एका नटबोल्टच्या कारखान्यात मालक रोजंदारीवर होते. रोजंदारी म्हणजे आज बोलावलं तर काम, उद्या नाही बोलावलं तर घरी. कारखान्याचे शेठ फुटबॉलचे वेडे होते. कामगारांचा संघ काढला होता आणि मालकांना त्यांनी त्या पायापायीच घेतलं होतं. शेठ म्हणाले होते, "सामन्यांची ढाल जिंकून आणा. दिवाळीच्या आत तुला कायम करतो."

कायम. त्या वर्षी हा शब्द पाण्यापेक्षा गोड होता. मला फुटबॉलशी काही देणंघेणं नव्हतं. मला त्या शब्दाशी होतं.

संघ फायनलला पोचला. दसरा होऊन दोन दिवस झाले होते. संध्याकाळी मालक घरी आले, हातपाय धुतले, पानावर बसले आणि भाकरीकडे बघत राहिले. मिलोच्या भाकरीकडे कुणी इतक्या प्रेमाने बघत नाही, म्हणून मी विचारलं, "काय झालं?"

"समोरच्या कारखान्याच्या गोलकीपरचं मनगट मोडलं."

"मग चांगलंच झालं की."

"त्याच्या जागी गुरुजी हुबे ऱ्हानार हायेत."

आमचे गुरुजी म्हणजे केडगावच्या शाळेतले. मलाही त्यांनीच शिकवलं, यांनाही. वय पन्नाशीला आलेलं, धोतर, काळी टोपी, जाड काचांचा चष्मा. तरुणपणी ट्रेनिंग कॉलेजात गोलात उभे राहायचे म्हणे. त्या समोरच्या कारखान्यात ते संध्याकाळी कामगारांना अक्षरं शिकवायला जात, म्हणून ते कामगारच, असं त्या लोकांनी ठरवून टाकलं होतं. आमच्या मालकांचे हे गुरुजी आहेत आणि मालकांचं नमस्काराचं काय आहे, हे त्यांच्या कॅप्टनला चांगलं माहीत होतं.

आत्याबाई चुलीजवळून म्हणाल्या, "मग तू खेळू नगंस. गुरूवर पाय उचलायचा न्हाई."

मी म्हटलं, "आत्याबाई, गुरुजींवर कुठं उचलायचाय? चेंडूवर उचलायचाय."

"आन् चेंडू जातो कुठं? गुरुजींकडंच ना?"

मी मालकांकडे वळले. "गोल केवढा असतो हो?"

"आठ ढांगा."

"आणि गुरुजी?"

"ते... एक ढांग. हात पसरले तर दोन."

"मग उरलेल्या सहा ढांगा काय तुमच्या मावशीच्या हायत? तिथं मारा की."

मालक म्हणाले, "तुला न्हाई कळायचं. ते समोर दिसले की माझा पायच वळत न्हाई. पाढे इसरल्यागत हुतं."

या माणसाकडून काही होणार नाही हे मला कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेत गेले. शाळा सुटली होती. गुरुजी धोतर खोचून, भिंतीवर चेंडू फेकून परत झेलत होते. तीनात एक झेलत होते.

"ये," ते म्हणाले. "तू चौथीत होतीस, पाढ्यात कधी चुकली नाहीस. बोल."

"गुरुजी, तुम्ही उद्या उभे राहू नका."

"का?"

"त्यांनी तुम्हाला खेळायला नाही नेलं. गोलात देव मांडायचा म्हणून नेलंय."

मला गोड बोलता येत नाही. गुरुजींनी चेंडू खाली ठेवला, चष्मा काढून धोतराला पुसला. मग म्हणाले, "ते मला माहीत नाही असं वाटतं तुला? खेळाच्या तासाला मी वीस वर्षं लिंबाखाली शिट्टी घेऊन उभा आहे. इतक्या वर्षांनी कुणीतरी म्हणालं, गुरुजी, खेळता का? देव म्हणून तर देव म्हणून. एखादा चेंडू अडवून दाखवीन."

"मग यांना सांगा तरी, की बिनधास्त मार."

"ते मी सांगायचं नाही. मी त्यांच्या बाजूचा. तू घरी जा, आणि चेंडू दे तो इकडे, तुझ्या पायाजवळ आलाय."

मी चेंडू हाताने उचलून दिला. परत येताना रस्ताभर विचार केला आणि घरी पोचेपर्यंत मला एक वाट सापडली होती. मी आत्याबाईंना विचारलं, "गुरुजींनीच 'विजयी हो' म्हटलं तर?"

आत्याबाई हातातलं निवडणाचं सूप खाली ठेवून म्हणाल्या, "मग मारायलाच पायजे. गुरूचा शबुद खोटा पाडायचा म्हंजे पाप."

झालं. मैदानावर सगळ्यांसमोर गुरुजींच्या पाया पडायचं. पाया पडणाऱ्याला आशीर्वाद द्यावाच लागतो, आणि खेळायला निघालेल्या माणसाला 'विजयी हो' याशिवाय दुसरं काय म्हणणार? मालकांना मी हे तीनदा समजावलं. त्यांनी मान हलवली. आत्याबाई म्हणाल्या, "मी पन येते. हा काय करतोय ते बघाय."

नगरच्या मैदानावर गवत नावाला नव्हतं. जमीन भाजलेल्या विटेसारखी, आणि कडेने दोरी बांधून माणसांची ही गर्दी. बायका आम्ही दोघीच. एक जण म्हणाला, "आजीबाई, कीर्तन पलीकडच्या पेठेत हाय." आत्याबाई म्हणाल्या, "तुझ्या तेराव्याला येईन तवा ऐकीन कीर्तन. सरक तिकडं." तो सरकला.

मग गुरुजी मैदानात आले आणि निम्मं मैदान गप्प झालं. गुरुजी अर्ध्या चड्डीत होते. केडगावच्या तीन पिढ्यांनी गुरुजींचे गुडघे पाहिले नव्हते. आमच्या बाजूच्या काही बाप्यांनी माना खाली घातल्या. मीही थोडा वेळ आभाळाकडे पाहिलं. मालकांनी तर गुडघे दिसू नयेत म्हणून गुरुजींच्या चष्म्याकडेच नजर लावली आणि तसेच चालत जाऊन पाया पडले.

समोरचा कॅप्टन धावत आला. "गुरुजी, तोंड सांभाळा हं!"

गुरुजींनी मालकांच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटतं, त्यांना सगळं कळलं. म्हणाले, "दीर्घायुषी हो."

मी दोरीवरून ओरडले, "गुरुजी, तेवढ्यावर भागत न्हाई!"

लोक हसले. आत्याबाई म्हणाल्या, "मार म्हनले न्हाईत. आता न्हाई मारायचं."

आणि मालकांनी मारलं नाही. पहिला अर्धा खेळ मी सगळा याच डोळ्यांनी पाहिला. चार माणसांना चकवून चेंडू गोलासमोर न्यायचे, गुरुजी दिसले की खांदे पाडायचे आणि चेंडू शेजारच्याला द्यायचे. शेजारचा आभाळात मारायचा. त्यात समोरच्यांनी एक गोल करून घेतला.

मध्यंतर झालं. शेठ मांडवाखालून उठून आले आणि मालकांना म्हणाले, "काय रे, हातात बांगड्या भरल्यास का?"

मी दोरीखालून आत गेले होतेच. म्हटलं, "शेठ, बांगड्या माझ्या हातात हायत. म्हणत असाल तर मी उतरते. ह्यांच्यापेक्षा वाईट काय खेळणार?" शेठ मांडवात परत गेले. मालक पाणी पीत राहिले. त्यांच्याकडे बघण्यात अर्थ नव्हता. मी सरळ पलीकडच्या गोलाकडे चालत गेले. गुरुजी खांबाला टेकून धापा टाकत होते. मी वाकून पाया पडले.

"अखंड सौभाग्यवती हो," गुरुजी सवयीने म्हणाले.

"सौभाग्य धडधाकट हाय, गुरुजी. त्याला नोकरीत कायम व्हायचं राहिलंय तेवढं."

"कायम?" गुरुजींना यातलं काही माहीत नव्हतं. मी दोन वाक्यांत सांगितलं. ढाल आली तर कायम, नाहीतर दिवाळीनंतर बोलावतील की नाही कुणास ठाऊक.

"हे काल का नाही सांगितलंस?"

"काल सांगितलं असतं तर तुम्ही उभे राहिला नसता का?"

त्यांनी विचार केला. "राहिलो असतो," ते म्हणाले. "आणि आताही गोल सोडणार नाही. कीव करून कुणाला एक मार्क मी दिलेला नाही."

"नका देऊ. त्यांना पेपर लिहायला तरी लावा."

शिट्टी झाली, मी दोरीबाहेर आले.

दुसरा अर्धा खेळ सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल. मालक पुन्हा चेंडू घेऊन गोलासमोर आले, पुन्हा खांदे पडले, आणि ते चेंडू शेजारी देणार एवढ्यात गुरुजींचा वर्गातला आवाज आला.

"उभा राहा!"

मालक उभे राहिले. त्यांच्या संघातले दोन जण उभे राहिले, समोरच्या संघातले तीन जण उभे राहिले, कारण तेही याच शाळेतले. दोरीबाहेर खाली बसलेला एक पोलीसही उठला. चेंडू एकटाच घरंगळत बाहेर गेला.

"उत्तर येतंय आणि मुकाट बसतोस?" गुरुजी ओरडले. "मला म्हातारा समजतोस? आता जर शेजाऱ्याकडे बघितलंस तर इथे सगळ्यांसमोर अंगठे धरायला लावीन!"

त्यांचा कॅप्टन डोकं धरून खाली बसला. आत्याबाई म्हणाल्या, "आता म्हनले. आता मार."

मग लोक ज्या डाव्या पायाच्या गोष्टी सांगतात, तो पाय मला पहिल्यांदा दिसला. पण गुरुजीही काही देव म्हणून उभे नव्हते. पहिला चेंडू त्यांनी छातीवर घेतला, त्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. दुसरा गुडघ्याने काढला, त्याच गुडघ्याने ज्याच्याकडे आम्ही बघत नव्हतो. आता सगळं मैदान त्याच गुडघ्याकडे बघून टाळ्या पिटत होतं. तिसरा चेंडू मावशीच्या ढांगांतून आत गेला. बरोबरी झाली. आत्याबाईंनी टाळी वाजवली, मग चूक झाल्यासारखा पदर सावरला.

खेळ संपत आला होता. मालकांनी जवळून एक चेंडू मारला तो गुरुजींच्या खांद्यावर आदळला. गुरुजी पडले, चष्मा एकीकडे, चेंडू परत मालकांसमोर. धावत येणाऱ्या मालकांचा पाय गुरुजींच्या पायाला लागला.

आणि हे वाकले.

सगळ्या मैदानाला माहीत होतं की आता हा माणूस नमस्कार करणार. समोरच्यांचे गोल राखणारे दोन्ही बॅक थांबले. गुरूला नमस्कार चालू असताना मध्ये कोण पळेल? एकाने तर हात जोडले, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. मालकांनी गुरुजींच्या पायाला हात लावला, तो कपाळाला नेला, आणि तसंच वाकलेलं असताना डाव्या पायाने चेंडू हळूच आत ढकलला. लाथ नव्हतीच ती. झोपलेलं मांजर बाजूला करावं तसं.

जो गोंधळ झाला तो विचारू नका. "नमस्कारात गोल धरायचा नाही!" त्यांचा कॅप्टन ओरडत होता. रेफरी लष्करातला हवालदार होता, लांबच्या मुलखातला. त्याने खिशातून नियमांचं छोटं पुस्तक काढलं, सगळी पानं चाळली आणि सांगितलं, यात नमस्काराबद्दल काही लिहिलेलं नाही. तरी कुणी ऐकेना. शेवटी सगळे गुरुजींकडे गेले. गुरुजी गुडघ्यांवर बसून चष्मा चाचपत होते.

"गुरुजी, तुम्ही सांगा. हा गोल का?"

गुरुजींनी चष्मा लावला, रेषेकडे बघितलं. "चेंडू आत आहे," ते म्हणाले. "मी पण आत आहे. गोल आहे." मग मालकांकडे बघून म्हणाले, "पहिल्या अर्ध्यात काय झोपला होतास, गाढवा?"

मालकांना मी पुढे पुष्कळदा विचारलं, तो गोल ठरवून केला की आपोआप झाला? ते म्हणायचे, मला आठवत नाही. मला वाटतं, खरंच आठवत नसावं. वरचं अर्धं अंग आत्याबाईंच्या वळणाचं होतं आणि खालचं लष्कराच्या मैदानाचं, दोघांनी आपापलं काम केलं. आत्याबाईंना मात्र नमस्कारात केलेला गोल पटला नाही. त्या तीन दिवस मुलाशी बोलल्या नाहीत आणि गुरुजींच्या खांद्याला लावायला आंबेहळद उगाळून माझ्याच हाती पाठवली.

ढाल आली, लोकांनी मालकांना खांद्यावर घेतलं. मी शेठांना गाठलं.

"शेठ, कायम करता म्हणालात."

"अगं बाई, करणार ना. दिवाळीच्या आत म्हणालो होतो. दिवाळी कुठे पळून चाललीय?"

"दिवाळी येतेच आहे. तुम्ही बोलल्याचं विसराल. खिशाला पेन हाय ना?"

"इथे? मैदानावर? ऑफिसचा कागद लागतो."

"ह्याच्यावर लिहा." खेळाडूंची यादी लिहिलेला कागद टेबलावर पडला होता, मागची बाजू कोरी होती. शेठ आजूबाजूला बघायला लागले. चार-पाचशे माणसं खुशीत होती आणि त्यांतली बरीच आमच्याकडे बघत होती. शेठांनी ढालीचाच टेकू केला आणि तीन ओळी लिहिल्या. मी त्या तिथेच वाचून काढल्या. दुसऱ्या ओळीत 'विचार करण्यात येईल' असं होतं. मी म्हटलं, "विचार घरी करा. इथं 'कायम केले' लिहा, आणि उद्यापासून लिहा." शेठ हसले, खोडून तसं लिहिलं आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला पेठेतले आठ-दहा जण हार घेऊन आमच्या दारात आले. बरोबर एक ताशेवाला होता. त्या वर्षी फुलं मिळणं मुश्कील, तरी कुठून कुठून झेंडू गोळा केला होता.

"वहिनी, कुठायत ते? मिरवणूक काढायचीय."

"कामावर गेले."

"आज? अहो, आजच्या दिवस तरी!"

"कायम माणसाने पहिल्याच दिवशी खाडा करायचा का?" मी म्हटलं. "सातच्या भोंग्याला गेलेत. संध्याकाळी या, पण ताशा आणू नका, म्हैस बुजते."

ते तोंड पाडून उभे राहिले. मग हार दाराच्या खुंटीला अडकवून गेले. मी पाण्याला गेले, परत येते तर शेळीने दावं तोडून हार दोऱ्यासकट खाल्ला होता. मी तिला मारलं नाही. त्या साली तेवढंच ओलं काहीतरी तिच्या पोटात गेलं.